मूल घरी सोपवताना

फौजदारी खटल्यात किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायाधीशांपुढे घडून गेलेली गोष्ट असते. ती घडली की नाही एवढे ठरले की पुढची वाट कायद्याने आखून दिलेली असते. ज्या घरात मुलाला इजा झाली, किंवा झाल्याचा सबळ संशय आहे, त्याच घरी ते मूल परत पाठवायचे की नाही हे ठरवताना मात्र घडून गेलेल्यावरून पुढे काय घडेल याचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज चुकला तर त्याची किंमत आदेशावर सही करणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती मूल मोजते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, मूल घरी सोपवण्याच्या प्रत्येक आदेशात कोणता धोका विचारात घेतला, तो कोणत्या गोष्टींवरून तोलला आणि मूल घरी गेल्यावर त्या धोक्यावर कोण लक्ष ठेवणार, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असलेच पाहिजे. मुलांची प्रकरणे गोपनीय असतात, ती चारचौघांत वाचली जाऊ नयेत, हे खरेच आहे. पण वरच्या न्यायालयाला आणि उद्या त्या मुलाची जबाबदारी ज्याच्याकडे येईल त्याला तरी ते कारण वाचता आले पाहिजे.

कायद्याने यासाठी लागणारे अधिकार केव्हाच दिलेले आहेत. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीपुढे, हजर करावे लागते, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण व्हावी लागते आणि चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा अशी अपेक्षा असते. मुलाला इजा करणाऱ्या, छळणाऱ्या किंवा त्याची आबाळ करणाऱ्या माणसाबरोबर ते राहत असेल तर ते या व्याख्येत बसतेच. शिवाय त्या माणसाने दुसऱ्या एखाद्या मुलाला तसे केले असेल आणि या मुलाच्या बाबतीतही तसे घडण्याची वाजवी शक्यता असेल, तरीही ते बसते. म्हणजे भविष्यातील धोका हा विचार आपल्या कायद्याला परका नाही. कलम ४० मध्ये तर समितीने आईवडिलांची किंवा पालकाची योग्यता निश्चित केल्यानंतरच मूल त्यांच्याकडे सोपवावे आणि त्यांना योग्य ते निर्देश द्यावेत, असे म्हटले आहे. मात्र कलम ३७ मध्ये मूल देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय घरी सोपवता येते, अशी दोन्ही दारे उघडी ठेवलेली आहेत, आणि कामाचा ताण असलेल्या कोणत्याही यंत्रणेचे पाऊल अशा वेळी सोप्या दाराकडे वळते.

योग्यता निश्चित केली म्हणजे नेमके काय केले, हे पाहायचे तर गृहभेटीचा अहवाल उघडावा लागतो. असे अहवाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना त्यांची भाषा पाठ झालेली असते. घर पक्के असून दोन खोल्या आहेत. वीज व नळजोड आहे. वडील शेतमजुरी करतात. शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता कुटुंबाची वागणूक चांगली असल्याचे समजले. पालकांना बालकाची ओढ असून यापुढे नीट सांभाळ करण्याची त्यांनी हमी दिली आहे. सबब बालकास पालकांच्या ताब्यात देण्यास हरकत नसावी. यातले एकही वाक्य खोटे नसेल, आणि तरीही ज्या कारणाने ते मूल समितीपुढे आले त्या कारणाबद्दल त्यात एक अक्षरही नसेल.

समजा, मिरजेजवळच्या एखाद्या गावातील नऊ वर्षांच्या मुलीला सावत्र वडिलांनी चटके दिले आणि शाळेतील बाईंनी ते पाहून मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या १०९८ या क्रमांकावर फोन केला. मुलगी बालगृहात आली, चार आठवड्यांनी आई तिला न्यायला आली. आता विचारायचे प्रश्न दोन खोल्यांचे आणि नळजोडाचे नाहीत. चटके देणारा माणूस सध्या कुठे राहतो, आणि जामिनावर सुटला असेल तर रात्रीच्या मुक्कामाला कुठे असतो? आईने तेव्हा ते पाहिले होते का, पाहिले असेल तर तिने काय केले, आणि काहीच केले नसेल तर ते भीतीपोटी की तिलाही त्यात काही वावगे वाटले नाही म्हणून? शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत मुलीजवळ कोण असते? दारू सुटली असे म्हणतात ते कोण म्हणते? आणि पुन्हा तसे काही घडले तर ही मुलगी धावत कोणाच्या दारात जाईल? या शेवटच्या प्रश्नाला एखादे नाव उत्तरादाखल मिळाले, मग ती चुलती असो, अंगणवाडी सेविका असो की पलीकडच्या आळीतील म्हातारी असो, तर धोका निम्म्याने कमी झाला असे मी मानतो. नाव मिळाले नाही तर हमीपत्र कितीही सुवाच्य असले तरी त्याचा त्या मुलीला उपयोग नाही.

घर एकाच पत्त्यावर, एकाच माणसांचे, वर्षभर तसेच राहणार असे गृहीत धरून हे अहवाल लिहिले जातात. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत तर हे गृहीतक फारच लवकर मोडते. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या फडांवर कोप्या टाकून राहतात. जुलैमध्ये गृहभेट झालेले पक्के घर नोव्हेंबरात कुलूपबंद असते आणि मूल दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कोपीत, पहाटे आईबाप तोडीला गेल्यावर कोणाच्या तरी भरवशावर असते. मुकादमाची उचल घेतलेल्या बापाला समितीने दिलेली पुढची तारीख पाळणे शक्य नसते आणि समितीलाही ते मूल कुठे आहे याचा पत्ता नसतो. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरलेले आहेत, पाटण-जावळीतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीची कामे करत आली आहेत. मुले आजीआजोबांजवळ किंवा आजोळी वाढणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. यात एक ताकदही आहे, कारण आईवडिलांच्या घरी धोका असेल तेव्हा मुलासाठी नात्यातले दुसरे घर पुष्कळदा सापडू शकते. पण तेथेही विचारावे लागते की ज्याच्यापासून मुलाला दूर ठेवायचे आहे, त्याचे या घरी येणे-जाणे आहे का.

आता पुराव्याचा प्रश्न. जे सिद्ध झालेले नाही त्याच्या आधारे आईबापांना मुलापासून तोडणे अन्यायाचे आहे, आणि जे सिद्ध होऊ शकले नाही ते घडलेच नाही असे धरून चालणे मुलावर अन्यायाचे आहे. इंग्लंडमधील न्यायालयांनी या पेचाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. तेथील १९८९ च्या मुलांविषयीच्या कायद्यात, मुलाला गंभीर अपाय झाला असेल किंवा होण्याचा संभव असेल तरच सरकारी यंत्रणेला त्याचा ताबा मिळतो. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवले की, संभव म्हणजे घडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असलीच पाहिजे असे नाही; अपायाचे स्वरूप व गांभीर्य पाहता जी शक्यता शहाण्या माणसाला दृष्टिआड करता येणार नाही, ती पुरेशी आहे. पण ती शक्यता ज्या घटनांवर उभी आहे त्या घटना मात्र सिद्ध झाल्या पाहिजेत. त्या प्रकरणात थोरल्या मुलीचा आरोप सिद्ध झाला नाही, संशय मात्र उरला, आणि धाकट्या बहिणींना संरक्षण मिळाले नाही. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की घटना घडली किंवा घडली नाही, असे दोनच निष्कर्ष कायद्याला मान्य आहेत. कदाचित घडली असेल, असा तिसरा निष्कर्ष नाही.

यातला पहिला भाग मला पूर्णपणे पटतो. अपाय जितका मोठा, तितकी लहान शक्यताही पुरेशी धरली पाहिजे. वेळेवर जेवण न मिळण्याची शक्यता मोठी असली तरी मदत पाठवून ती हाताळता येते, पण गळा आवळला जाण्याची शक्यता दहातली एक असली तरी ती घेऊन मूल त्या घरी पाठवता येत नाही. दुसरा भाग मात्र आपल्या समित्यांनी जसाच्या तसा उचलू नये. मुलाला आईबापांपासून कायमचे तोडायचे असेल, दत्तकासाठी मोकळे करायचे असेल, तर पक्का पुरावा हवाच. पण मूल घरी पाठवताना महिन्याला एक भेट, शाळेतून माहिती, अमुक व्यक्तीने घरी मुक्काम करू नये, एवढ्याच अटी घालायच्या असतील तर त्यासाठी न मिटलेला पण विश्वसनीय संशय पुरेसा मानला पाहिजे. उपाय जितका कठोर तितका पुरावा भक्कम, आणि उपाय जितका सौम्य तितकी पुराव्याची अपेक्षा कमी, असा सरळ हिशोब ठेवला तर आईबापांवरही अन्याय होत नाही आणि संशय हवेत विरूनही जात नाही.

संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे फौजदारी न्यायाचे तत्त्व आहे आणि ते त्या जागी योग्यच आहे. तेच तत्त्व ताब्याच्या अर्जात आणले की फायदा आरोपीला आणि तोटा मुलाला, अशी वाटणी होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नील रतन कुंडू विरुद्ध अभिजित कुंडू या प्रकरणात हा भेद नेमका ओळखला. आईच्या मृत्यूनंतर वडिलांवर हुंडाबळीचा खटला चालू होता, मुलगा आईच्या आईवडिलांकडे होता, आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी वडील हेच नैसर्गिक पालक या आधारे ताबा त्यांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल रद्द केले, कारण चालू असलेल्या खटल्याचा आणि मुलाच्या स्वतःच्या इच्छेचा जो विचार व्हायला हवा होता तो झालाच नव्हता. खटल्याचा निकाल लागलेला नाही म्हणून तो नसल्यासारखे वागता येत नाही, हा त्यातला धडा प्रत्येक जिल्हा न्यायालयात ताब्याचे अर्ज चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आईच्या मृत्यूनंतर मावशांकडे वाढलेल्या लहान मुलीचा ताबा वडिलांना दिला. तेथे वडिलांपासून धोका असल्याचा काही आधार नव्हता, आणि तरीही मुलगी मावशांपासून एकदम तुटू नये म्हणून त्यांच्या भेटींची तजवीज ठेवली गेली. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळते, नात्याचा हक्क आणि मुलाचा धोका हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळीच शोधावी लागतात.

चुका दोन्ही बाजूंनी होतात, आणि त्या दोन्ही भयंकर असतात. इंग्लंडमधील क्लीव्हलँड भागात १९८७ मध्ये काही महिन्यांतच १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान करण्यात आले. ते निदान वादग्रस्त वैद्यकीय खुणेवर फार विसंबलेले होते, आणि घरातून काढलेल्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे घरी परत पाठवण्यात आले. एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला आणि त्यातूनच वर उल्लेखलेल्या १९८९ च्या कायद्याला आकार मिळाला. त्याच देशात वोकिंग येथे ऑगस्ट २०२३ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीचा घरच्यांच्या मारहाणीत मृत्यू झाला. तिला वडील व सावत्र आईकडे राहू देण्याचा आदेश कौटुंबिक न्यायालयानेच २०१९ मध्ये दिला होता, आणि वडिलांवरचे मारहाणीचे जुने आरोप न्यायालयाच्या कागदांत होते. त्या दोघांना डिसेंबर २०२४ मध्ये खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप झाली. कागद समोर होते, पण ते एकत्र मांडून त्यांचा अर्थ कोणी लावला नाही, ही त्या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे.

मग मूल संस्थेतच ठेवावे, असे कोणाला वाटेल. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात काय चालले होते ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीतून २०१८ मध्ये उघडकीस आले आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना शिक्षा सुनावल्या. संस्था सुरक्षित आणि घर धोक्याचे, अशी वाटणी करता येत नाही. चांगल्या बालगृहातही मूल वर्षानुवर्षे राहिले की त्याचे गावात कोणी उरत नाही. अठराव्या वर्षी दार उघडते तेव्हा जायला जागा नसते. हा अपाय बातमीत येत नाही, म्हणून तो ताजव्यात टाकायचा राहून जातो. घरी पाठवलेल्या मुलाचे बरेवाईट झाले तर समितीवर बोट ठेवले जाते, संस्थेत विनाकारण काढलेल्या पाच वर्षांसाठी कोणालाच जाब द्यावा लागत नाही. बाल न्याय अधिनियमाने संस्थेतील वास्तव्य हा शेवटचा उपाय मानला आहे तो याच कारणासाठी.

गरिबी आणि धोका यांची गल्लत तर कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. आई धुणीभांडी करते, खोली एकच आहे, पोर शाळेत नियमित जात नाही, एवढ्यावरून घर अयोग्य ठरत नाही. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही केवळ गरिबीसाठी मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. अशा घराला मदत हवी असते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वातून ४००० रुपये मिळू शकतात. घरी सोपवण्याच्या आदेशातच या मदतीचा अर्ज कोण भरून घेणार हे लिहिले, तर आईला तालुक्याला हेलपाटे घालावे लागणार नाहीत आणि परिस्थितीपायी होणारी आबाळ बरीचशी तेथेच थांबेल.

धोका तोलण्याचे निकष नव्याने शोधावे लागणार नाहीत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांमध्ये, गुन्हा करणारा मुलाच्याच घरात राहणारा असल्याची वाजवी भीती असेल तेव्हा मुलाला त्या घरातून बाहेर काढायचे की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवावे, असे सांगून त्यासाठी पाहण्याच्या बाबीही दिलेल्या आहेत: मुलाची वैद्यकीय व समुपदेशनाची गरज भागवण्याची आईवडिलांची किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे त्या व्यक्तीची क्षमता, मुलाचे वय व समज, अपंगत्व, आजार, कुटुंबातील हिंसेचा पूर्वेतिहास, आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही मुलाची भेट त्याच्या हिताला बाधक ठरेल असे वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. हेच निकष लैंगिक अत्याचाराखेरीजच्या प्रकरणांतही, मग ती समितीपुढे असोत की १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयापुढे असोत, वापरावेत आणि प्रत्येक निकषापुढे काय आढळले ते दोन-दोन ओळींत लिहावे. दोन पानांचे हे काम आहे.

यात मुलाचे म्हणणे शेवटी लिहिलेले असले तरी ते विचारायचे मात्र सर्वांत आधी, आणि एकट्याला विचारायचे. बाकावर शेजारी बाप बसलेला असताना घरी जायचे का, असे विचारले तर मूल मान डोलावते. त्या मान डोलावण्याला संमती म्हणणे क्रूरपणाचे आहे. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला असलेल्या उमदीसारख्या गावाहून सांगली शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथून पहाटे निघून, एसटीने येऊन, दुपारपर्यंत व्हरांड्यात ताटकळलेल्या मुलाकडून पाच मिनिटांत खरे उत्तर मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. मूल संस्थेत असेल तेव्हाच, त्याच्या ओळखीच्या झालेल्या माणसाने, दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी बोलावे. आणि घरी जायचे आहे असे मूल मनापासून म्हणत असेल तरी तेवढ्यावरही थांबू नये, कारण मारणाऱ्या आईवरही मुलाचा जीव असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की माणसेच नाहीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जितके कर्मचारी आहेत तितक्यांत प्रत्येक घरी दरमहा जाणे शक्य नाही. आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच धोका लिहून काढणे अधिक गरजेचे ठरते, कारण सगळ्याच घरी जाता येत नसेल तर कोणत्या घरी जायलाच हवे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. हरवलेले, रागावून घर सोडून आलेले, स्टेशनवर सापडलेले मूल घरी पोहोचवले की पुष्कळदा काम संपते. चटके दिलेल्या मुलीच्या बाबतीत ते तेव्हा सुरू होते. शिवाय प्रत्येक भेट कक्षातल्याच माणसाने द्यावी असेही नाही. गावात बाल संरक्षण समिती असते, तिच्यावर पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक यांच्यापैकी कोणी ना कोणी असते. आदेशात त्यांच्यापैकी एकाचे पद लिहून, काय दिसले तर कोणाला आणि किती तासांत कळवायचे हे सांगितले, तर ते काम होऊ शकते. हे काम गावकीच्या दबावाखाली दडपले जाईल ही भीती मला मान्य आहे, आणि म्हणून दोन माणसे नेमावीत, त्यातले एक शाळेतले असावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर आदेशात वेगळी अट हवी. हंगामापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, कुटुंब कोणत्या कारखान्याच्या फडावर आणि कोणत्या मुकादमाबरोबर जाणार आहे हे पालकांनी कळवावे, आणि समितीने त्या जिल्ह्याच्या समितीला प्रकरणाची प्रत पाठवून देखरेख तिच्याकडे द्यावी. मूल आजीजवळ मागे राहणार असेल तर आजीच्या घराची तपासणी तेव्हाच व्हावी, हंगाम संपल्यावर नव्हे. आदेशाच्या शेवटी पुढची तारीख असावी, आणि त्या तारखेला मूल हजर झाले नाही तर प्रकरण निकाली न काढता त्याच आठवड्यात कोणीतरी त्या फडावर जाऊन मुलाला प्रत्यक्ष पाहून यावे.